तिसऱ्या दिवशीचा काटा

झोळी आधी रिकामी टांगायची,
काटा शून्यावर आणायचा,
मग बाळ.
यवतमाळला प्रशिक्षणात रबरी बाहुली होती.
ती रडत नव्हती,
आणि तिची आजी दारात उभी नव्हती.

मोनालीचं पोट्टं दवाखान्यात भरलं दोन किलो चारशे.
आज मोबाइलच्या उजेडात काटा वाचला,
झोळी उतरवली, पुन्हा टांगली,
पुन्हा वाचला.
दोन किलो अडीचशे.

"कमी भरलं ना?" पर्बताबाई म्हणाली.
"म्हनतच होती मी, दूधच नाही तिले.
बकरीचं आना. नाहीतं साखरेचं पानी पाजा."
मोनालीनं भिंतीकडे तोंड केलं
अन पदर ओढून घेतला,
चोरी सापडल्यासारखा.

मी सांगायला लागले:
पहिल्या दिवसांत वजन उतरतंच,
अंगातलं पाणी जातं, काळी शी जाते,
दहाव्या-चौदाव्या दिवसापर्यंत जागेवर येतं,
मग रोज वीस-तीस ग्रॅम,
चिमूटभर, पण रोज.
सांगता सांगता माझाच आवाज
मला पुस्तिकेसारखा वाटू लागला.

बाजेवरून गुणवंतबुढा बोलला,
घाटंजीच्या जिनिंगमध्ये बावीस हंगाम काट्यावर उभा राहिलेला:
"ओल गेली."
"कायची ओल?"
"सकाळी दवात येचलेला कापूस आठ दिवस ठिवून जोख.
घट येते का नाही?
सरकी तेवढीच, रुई तेवढीच.
हे तं नऊ महिने पान्यातच होतं.
वाळू तं दे त्याले."

मग माझ्याकडे वळून, मापाऱ्याच्या आवाजात:
"पन घटीले हद्द असते. किती चालते तुमच्यात?"
"शेकडा दहाच्या आत."
त्यानं बोटांची पेरं मोजली.
"चोवीसशात दीडशे. सव्वासहा.
चालते."

पर्बताबाईला चाललं नाही. ती चुलीकडे गेली.

मी मोनालीजवळ बसले.
बाळाचं तोंड नुसतं बोंडीवर होतं,
काळ्या भागासकट मोठं उघडायला लावलं,
हनुवटी छातीला टेकवली.
थोड्या वेळानं गिळल्याचा आवाज आला,
बारीक, विहिरीत खडा पडावा तसा.
रात्रीही पाज, म्हटलं, दोन-अडीच तासांनी,
झोपलं तर तळपाय चोळून उठव,
आणि ओली लंगोटी मोज. आकडा मला सांग.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
मागच्या साली खालच्या टोल्यावर
एक बाळ चौदाव्या दिवशीही उतरलेलंच होतं,
आणि मी म्हणाले होते, येईल, वाट पाहू.
त्या घराचं नाव मी कुठं घेत नाही.
तेव्हापासून काटा एकदा वाचून
माझं भागत नाही.

सातव्या दिवशी दोन किलो तीनशे तीस.
मोनालीनं लंगोट्यांसाठी कोळशानं रेघा ओढल्या होत्या भिंतीवर,
सहा, सात, एका दिवशी नऊ.

चौदाव्या दिवशी बुढा काठी टेकत उठला.
"डोयाच्या रांगेत धर वो.
तिरपं पाह्यलं का काटा खोटं बोलते."
मी गुडघ्यावर बसले.
दोन किलो चारशे ऐंशी.
कोणी काही बोललं नाही.
पर्बताबाईनं मोनालीच्या ताटात दुसरी भाकर टाकली,
जवसाच्या चटणीवर तेल जरा जास्त सोडलं,
आणि साखरेचा डबा
फळीवर, मागे, सरकवला.

तेवढ्यात पोट्टं झोळीत मुतलं.
झोळी धुऊन बाभळीच्या काट्यांवर टाकली.
पुढचं घर अजून बाकी होतं, ऊन चढत होतं,
पण चहा घेत बसले.
ओल्या झोळीचंही वजन भरतं.